अर्धं बोट कमी

माझा जावई वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानोदुकानी हिंडून लोकांचे तराजू तपासायचे, मीटरपट्ट्यांवर शिक्के मारायचे, हे त्याचं काम. अंगानं किडकिडीत, चालणं ताठ, बोलणं मोजूनमापून. मी त्याला मनातल्या मनात फूटपट्टी म्हणते. तोंडावर अर्थात जावईबापू.

त्या रविवारी ही फूटपट्टी पार कमरेत वाकली होती. त्याच्या साहेबांच्या हातात बदल्यांची यादी होती. दोन निरीक्षकांपैकी एक इथेच राहणार आणि दुसरा दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शाखेत जाणार, हे त्या आठवड्यात ठरायचं होतं. माझ्या लेकीला पाचवा महिना. माझ्या घरात मी आणि माझं शिवणयंत्र, तिसरं कुणी नाही. जावई इथे राहिला तर नातवंड माझ्या मांडीवर येणार, नाहीतर फोनच्या काचेत दिसणार. साहेबांना मासेमारीचा भारी शौक, म्हणून जावयानं सागरी उद्यानात दिवसभरासाठी बोट ठरवली. "घरच्यांनाही आणा" असं साहेब म्हणाले होते, म्हणून आम्ही दोघी शोभेला.

उद्यान म्हणे! झाडं चार आणि पाट्या चाळीस. इथे पोहू नका, तिथे बसू नका, पक्ष्यांना खाऊ घालू नका. धक्क्याला पांढऱ्या बोटी ओळीनं बांधलेल्या, आणि प्रत्येक बोटीपुढे एकेक माणूस उभा. आदल्या दिवशीच्या मोठ्या मोठ्या माशांचे फोटो दाखवून तो गिऱ्हाईक ओढत होता. फोटोतली माणसं सगळी एकसारखी हसत होती. मासे तेवढे गंभीर.

साहेब आले. अंगातल्या जाकिटाला इतके खिसे, की माझी शिवणाची टोपली रिकामी करून त्यात भरता आली असती. त्यातल्या तिसऱ्या खिशाची शिवण उसवलेली. माणूस मोठा असला तरी उसवण लपत नाही. जावई धावत पुढे गेला. साहेबांची टोपी धर, साहेबांची पिशवी धर, साहेबांच्या मानेला मलम हवं का विचार. "साहेब, तुमचा अनुभव म्हणजे काय सांगावं!" असं म्हणून त्यानं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि साहेब चढलेही. मला इतकी लाज वाटली, की मी खारं पाणी बघत उभी राहिले.

लेकीला बोट लागेल म्हणून ती धक्क्यावरच्या बाकावर बसली. मी बोटीकडे निघताना माझ्या कानात म्हणाली, "आई, आजच्या दिवस तोंड आवर हं. त्याला एकदा निभावून नेऊ दे."

"मी कुठे काय बोलते?" मी म्हटलं.

बोट निघाली. साहेब कसे मासे पकडतात ते मी पाहून घेतलं. बोटवाला गळाला आमिष लावणार, बोटवाला गळ टाकणार, मासा लागला की दांडा साहेबांच्या हातात देणार. साहेबांनी फक्त रीळ गुंडाळायचं आणि धापा टाकायच्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! दोन तासांत त्यांच्या गळाला समुद्रातलं शेवाळ तेवढं लागलं. दोष मग पाण्याचा, वाऱ्याचा, बोटवाल्याच्या इंजिनाचा. जावई प्रत्येकाला मान डोलावत होता. वाऱ्यालाही.

शेवटी एकदाचा मासा लागला. रुपेरी, जाडसर, चांगला तडफदार. साहेब लहान मुलासारखे ओरडले. जावयानं फोटो काढायला मोबाइल उचलला. तेवढ्यात बोटवाल्यानं एक फळी काढली.

फळी साधीच होती. एका टोकाला उभी पट्टी आणि पुढे एक लाल रेघ. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं, शेपूट रेघेला पोचलं तर मासा तुमचा. नाही पोचलं तर परत पाण्यात. उद्यानाचा नियम आहे आणि धक्क्यावर तपासतात, असं बोटवाला म्हणाला. त्यानं मासा ठेवला. शेपूट रेघेच्या अलीकडेच राहिलं.

"नीट ठेव रे," साहेब म्हणाले. "शेपटी दाब जरा."

त्यानं दाबली. तरी अर्धं बोट कमी.

"फळीच चुकीची असेल." साहेब जावयाकडे वळले. "तुम्ही बघा हो. तुमचं तर कामच हे."

जावई फळीकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम होता. साहेबांचा चेहरा उतरायला लागला होता आणि माझ्या डोळ्यांपुढे बाकावर बसलेली लेक आली.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. चाळीस वर्षं मी शिवणकाम केलं. गिऱ्हाइकाच्या कापडातला चिंधीएवढा तुकडासुद्धा कधी ठेवून घेतला नाही. कापड ताणून मोजणाऱ्या दुकानदारांना मी भर दुकानात फाडून खाल्लं आहे. अंगठ्याखाली कापड कसं सरकवतात, तळव्याआड फट कशी झाकतात, ते सगळं मला माहीत आहे. माहीत असणं वेगळं.

"द्या इकडे," मी म्हटलं. "यांना काय कळतंय? जन्म गेला माझा मापं घेण्यात."

मी मासा धरला. डावा तळवा त्याच्या तोंडावर ठेवला आणि अंगठ्यानं त्याला अर्धं बोट पुढे सरकवलं. पट्टी आणि तोंड यांच्यात फट पडली, ती माझ्या तळव्याआड गेली. शेपूट रेघेला टेकलं.

"भरला," मी म्हटलं.

"बघा!" साहेबांनी टाळी वाजवली. "जुनी माणसं ती जुनी माणसं!" बोटवाला समुद्राकडे बघायला लागला. त्याला कळलं होतं.

जावई खाली बसला. माझ्या मनगटाला धरून त्यानं माझा हात हळूच बाजूला केला, मासा मागे सरकवला, तोंड पट्टीला टेकवलं.

"अर्धं बोट कमी आहे, साहेब," तो म्हणाला. "आईंचा चष्मा लांबचा आहे. जवळचं नीट दिसत नाही त्यांना."

माझा चष्मा जवळचा आहे. सुई ओवायचा. गेल्याच महिन्यात त्याची काडी त्यानंच दुरुस्त करून आणून दिली होती.

बोटवाल्यानं मासा पाण्यात सोडला. परतताना माझ्या हाताला माशाचा वास येत होता आणि मी तो साडीला पुसत होते.

धक्क्यावर उतरल्यावर साहेबांनी स्वतःची पिशवी स्वतःच उचलली. लेक बाकावरून उठून आली, तिच्यासमोरच ते जावयाला म्हणाले, "तुमच्यासारख्या काटेकोर माणसाची तिकडच्या शाखेला फार गरज आहे." आणि गाडीकडे चालू लागले.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. ते दिसेनासे होईपर्यंत ती थांबली, मग नवऱ्यावर तुटून पडली. "काय केलंस? एवढा एक दिवस तुला निभावता आला नाही? बाळाचं काय, आईचं काय, काही विचार?"

जावई बर्फाची रिकामी पेटी धरून उभा होता. "मासा मापात बसत नव्हता," एवढंच तो म्हणाला.

"मासा!" लेकीला रडू फुटलं. ती माझ्याकडे वळली. "आई, तू होतीस ना तिथे? एरवी तर ऊठसूट त्याला बोलत असतेस. आता बोल की! काय झालं ते सांग!"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेटीचं झाकण बसत नव्हतं, ते तो बसवत राहिला.

"मासा लहान होता," मी म्हटलं.

तेवढंच. बाकीचं त्यानं सांगितलं नाही आणि मीही नाही. तो गप्प राहिला माझ्यासाठी, आणि मीसुद्धा माझ्यासाठीच.