वाढत्या अंगाचा झगा

मित्रांनो, माझ्या मानेवर एकेकाळी सोनेरी वेलबुट्टी होती. आता तिथे एकच पान उरले आहे, तेही उजेडात तिरके पाहिले तर. मी एक जुने शिवणयंत्र आहे. चाक फिरवले तर कुरकुरतो, पण या वयात कोण कुरकुरत नाही?

माझे अंग ओतले तेव्हा मी नुसता तापलेला लाल रस होतो. काय होणार, हे मला ठाऊक नव्हते. कढई झालो असतो, कुलूप झालो असतो. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मला सुई होती. तेव्हापासून एक गोष्ट मी शिकलो आहे: घडवणाऱ्याच्या मनात काय आहे, ते घडणाऱ्याला आधी कळत नाही.

मला एका शिंपिणीच्या खोलीत आणले. सगळे तिला टाकेमावशी म्हणत. खोली एकच, पण खिडकी मोठी. खिडकीतून चर्चची भिंत दिसे आणि भिंतीमागची दफनभूमीतली झाडे. मावशी पायडल मारी आणि तिची थोरली जाऊ शेजारी बसून काजे-बटणे करी. बाप्तिस्म्याचे अंगरखे, लग्नाचे पोशाख, शाळेचे सदरे, सारे माझ्या सुईखालून गेले. आणि त्या सगळ्यांबरोबर माणसांचे शेवटचे कपडेही.

शवपेट्यांच्या दुकानात तसले कपडे तयार मिळत. पुढून झालर, मागून पाठ उघडी, नाडी बांधली की झाले. मावशीला ते मुळीच पटत नसे. ती पाठीची शिवण दुहेरी मारी आणि जाऊबाईंना खरे काजे करायला लावी.

“पाठ कोण बघतंय गं?” जाऊबाई वैतागत. “आडवं तर झोपायचंय.”

“झोपायचंय खरं,” मावशी दाताने दोरा तोडत म्हणे, “पण उठायचंयही ना. शेवटच्या दिवशी देवाची हाक आल्यावर माणूस काय भिंतीला पाठ लावून चालेल?”

एकदा एक आजोबा बायकोला घेऊन स्वतःचा शेवटचा कोट शिवायला आले. जिवंत, धडधाकट, तोंडात लवंग. म्हणाले, “खिसा ठेवा बरं का.”

“तिथे न्यायचंय काय तुम्हाला?” त्यांच्या बायकोने विचारले.

“चष्मा.”

“तिथे चष्मा लागत नाही म्हणतात.”

“मग नुसता खिसा असू दे. हात कुठे ठेवायचे, हे मला कधीच कळलेलं नाही.”

मावशी खूप हसली. पण खिसा तिने अस्तर लावून शिवला.

मित्रांनो, असे दिवस हसत-खेळत गेले. मग एका सकाळी गवंडी आणि त्याची बायको दारात उभी राहिली. तिच्या हातात पांढरे कापड होते. त्यांची एकुलती एक पोर तापाने गेली होती. शाळेत जाणारी, दोन वेण्यांची पोर. दर वर्षी ती याच खोलीत स्टुलावर उभी राहून माप देई आणि माझे चाक हळूच फिरवून पळून जाई.

मावशीने कापड घेतले. बाई म्हणाली, “माप तुमच्याकडे आहेच. वाढत्या अंगाचा शिवा.”

तुम्हाला ठाऊक आहे ना, मुलांचा कपडा कसा शिवतात? घेराच्या खाली, बाह्यांच्या टोकाला थोडे जास्तीचे कापड आत दुमडून ठेवतात. शिंपी त्याला माया म्हणतात. मूल वाढले की दुमड उसवायची, कपडा पुन्हा पुरतो.

“अगं, काय बोलतेस?” गवंडी खालच्या आवाजात म्हणाला. “आता कुठलं वाढणं? मावशी, मनावर घेऊ नका. परवापासून हिच्या पोटात अन्न नाही.”

मावशीने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तिने बाईला विचारले, “किती ठेवू?”

“नेहमी ठेवता तेवढी.”

“बोटभर, की जास्त?”

“चार बोटं ठेवा. माझ्या भावाच्या वळणावर गेलीय ती. उंच होणार.”

ती दोघे गेल्यावर जाऊबाईंनी डोळे पुसले आणि मग रागावल्या. “खोटी आशा लावतेस तू त्या बाईला. मातीत जायचं कापड ते.”

“जाऊबाई, दर रविवारी उभं राहून आपण काय म्हणतो? मेलेले उठतील, असंच ना? मग तोंडानं म्हणायचं आणि कात्रीनं नाकारायचं, हे मला जमत नाही.”

जाऊबाईंनी सुई ओवली.

त्या दिवशी मी कसा चाललो, ते कसे सांगू? मी लोखंड. मला भीती ठाऊक नाही. पण ते पांढरे कापड माझ्या सुईखालून सरकत होते आणि मला वाटत होते, मी कुठल्यातरी फार मोठ्या दाराच्या उंबरठ्यावर टाके घालतो आहे. दाराच्या अलीकडे एक आई आहे. पलीकडे काय आहे ते मला दिसत नाही, पण तिथून उजेड येतो आहे. मावशी पायडल मारता मारता पुटपुटत होती,

टाक्यापाशी गं टाका, बसला बिलगून
मातीचं पांघरूण, उठशील सारून

दुसऱ्या सकाळी आई एकटीच झगा न्यायला आली. तिने तो उलटा केला आणि घेरातली दुमड बोटांनी चाचपली. मग खाली स्टुलावर बसली. पोर उभी राहायची त्याच स्टुलावर.

“मावशी, पाळकसाहेब म्हणाले, बी पेरलं तर बी वर येत नाही, रोप येतं. तसंच आपलं होणार म्हणे. ऐकायला बरं वाटलं. पण घरी आल्यावर मला धास्तीच बसली. पोर उठेल तेव्हा केवढी असेल? अशीच, की मोठी बाई होऊन? मी कुठे शोधू तिला? मी ओळखेन ना?”

मावशी तिच्या शेजारी येऊन बसली. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.

“ते मला ठाऊक नाही गं,” ती म्हणाली. “ठाऊक आहे असं म्हटलं तर मी खोटी ठरेन. पण ज्यानं तिला घडवलं, त्याच्याकडे तिचं माप आहे. माझ्यापेक्षा चांगलं. आणि हे बघ, सगळी शिवण पक्की आहे, खालची ही एवढीच कच्ची ठेवलीय. एक टोक कापलं की सरसर सुटेल.”

आईने ते टोक शोधले, अंगठ्याखाली धरले आणि पहिल्यांदा रडली.

पुढे पुष्कळ वर्षे गेली. दर ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, उजाडता उजाडता लोक दफनभूमीत जमत, पूर्वेकडे तोंड करून गात. खिडकीतून ते गाणे आत येई आणि माझी सुई बारीक थरथरे. मावशीही एक दिवस त्या झाडांखाली गेली. तिचा पोशाख तिने आधीच शिवून ठेवला होता. जाऊबाईंनी तो तीनदा उलटून पाहिला. पाठीची शिवण दुहेरी होती.

मग तयार कपड्यांची दुकाने आली. माझ्यावर चादर पडली, चादरीवर कुंडी आली. मावशीची सून कुंडीला पाणी घालायची. थोडे माझ्या अंगावर सांडायचे आणि मी आतून गंजायचो. मला वाटले, संपले आपले.

एके दिवशी दारात काठी वाजली. एक पार वाकलेली म्हातारी. मी तिला आवाजावरून ओळखले.

“माझा शेवटचा पोशाख शिवून हवाय,” ती सुनेला म्हणाली. “यंत्रावरच. साधा शिव, पण एक खिसा ठेव.”

“खिसा कशाला, आजी?”

“छोटी कात्री ठेवायला. त्या सकाळी उठल्या उठल्या लागेल. माझ्या पोरीच्या झग्याची माया उसवायचीय. तुझ्या सासूनं चार बोटं ठेवलीत. लेक केवढीही होऊन येऊ दे, घेर पुरला पाहिजे.”

सून हसली नाही. तिने कुंडी उचलून खिडकीत ठेवली, चादर काढली, माझ्या सांध्यासांध्यात तेल सोडले. चाक आधी अडखळले, मग फिरले. तो खिसा मी अस्तरासकट शिवला. कात्री बरोबर बसली.

मित्रांनो, मी लोखंड आहे. मला उठवण्याचे वचन कुणी दिलेले नाही. पण त्या झाडांखाली, मातीच्या आत, माझे टाके हाकेची वाट पाहत आहेत, आणि एक कच्चा दोरा सुटायची वाट पाहतो आहे. एवढे मला पुरे आहे. मला विसरलात तरी चालेल. कधीतरी तेलाचा थेंब द्या, म्हणजे झाले. फक्त आज घरी गेलात की आपल्या कपड्याची खालची पट्टी उलटून बघा. तुम्ही अजून वाढणार, असे समजून कुणीतरी तिथे कापड दुमडून ठेवले असेल. ते कापून टाकू नका.