हळदी-कुंकवाचा स्टो

खंडेनवमीला गावात घरोघरी अवजारं पुजतात, तशी नाथाजींच्या घरीही पुजली जात. विळा, खुरपं, पाना, पहार, मोटरसायकलची किल्ली, आणि या सगळ्यांच्या मधोमध पाटावर पितळेचा एक एवढासा स्टो. फार तर तांब्याएवढा. त्याला पंप नव्हता, पाय नव्हते. खाली वाटोळी टाकी, वर जाळीचं टोपडं आणि साखळीला अडकवलेली एक चिमुकली किल्ली. फौजेत असताना नाथाजींनी तो पठाणकोटच्या जुन्या बाजारात विकत घेतला होता. डोंगर चढायला आलेल्या कुणा परदेशी माणसानं मागं टाकलेला असावा. त्यांची बायको साळूबाई दर दसऱ्याच्या आधी तो चिंचेनं घासून लख्ख करायच्या, त्याला हळद-कुंकू वाहायच्या, वर झेंडू ठेवायच्या आणि सण झाला की परत फडताळात ठेवून द्यायच्या. नाथाजी पेन्शनीत आल्यापासून हे असंच चाललं होतं. तेव्हापासून पेटवला मात्र तो कुणीच नव्हता. पूजेतल्या वस्तूवर चहा करायचा, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

स्टोची एक गोष्ट होती. नाथाजी तरणे असताना बर्फातल्या एका चौकीवर ते आणि त्यांचा एक जोडीदार असे दोघंच अडकले होते. बाहेर वारा असा, की आभाळ कुठं संपतं आणि जमीन कुठं लागते ते कळेना. सगळं पांढरं. स्टो पेटेना, कारण थंडीनं टाकीतल्या पेट्रोलचा जीवच गेला होता. मग नाथाजींनी टाकी कोटाच्या आत, उघड्या छातीशी धरली. पितळ चटका बसावा तसं लागलं. पण थोड्या वेळानं स्टो पेटला, त्यांनी बर्फ वितळवला, चहा केला, आणि तो चहा पिता पिता दोघं पोट धरून हसले. इतके, की डोळ्यांतून आलेलं पाणी पापण्यांवर गोठलं.

ही गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली याला गणती नाही. ती सुरू झाली की साळूबाई पदर झटकून उठायच्या.

"झालं सुरू तुमचं बर्फपुरान! म्हशीला पेंड घालायची हाय मला."

यंदा दिवाळीनंतर एका संध्याकाळी दूध डेअरीच्या कट्ट्यावर नाथाजी तीच गोष्ट सांगत होते, आणि सांगता सांगता थांबले. जोडीदाराचं नाव आठवेना. जिभेवर होतं, पण पुढं येईना. "तो आपला एक जण हुता," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि हसण्यापाशी आले. तिथं तर पायाखालची पायरीच नव्हती. आपण हसलो होतो हे पक्कं ठाऊक होतं. पण कशाला?

ऐकणारे हसले, कारण नाथाजी हसले होते. घरी जाताना नाथाजींचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. नाव गेलं, हसण्याचं कारण गेलं, उद्या बर्फही जाईल. मग आपण तिथं होतो, हे तरी कशावरून? चौकीवर त्या दिवशी तिसरं कुणी नव्हतं. साळूबाईंना विचारायची लाज वाटली. आणि तिनं कधी धड ऐकलीय ती गोष्ट?

रात्री पडल्या पडल्या त्यांना वाटलं, त्या स्टोचा आवाज एकदा कानावर पडला तर सगळं परत येईल. पेटल्यावर तो बारीक घुमायचा. भुंगा लाकूड कोरतो तसा.

सकाळी त्यांनी अंगणात पोतं पसरलं आणि स्टो सुटा करायला घेतला. बर्नरचं नळकांडं हलेना. तेल सोडून, फडक्यानं धरून, पान्यानं हलक्या हातानं फिरवलं तेव्हा ते निघालं. पेट्रोल जिथून फवाऱ्यासारखं यायचं, ते सुईच्या अग्राएवढं भोक दिसतच नव्हतं. तिथं तांबडा-पिवळा दगड झाला होता. त्यांनी तो नखानं खरवडला, बोटावर घेतला आणि नाकाशी धरला.

"साळू! हिकडं ये जरा."

"काय वं?"

"हे बघ. तुझं हळद-कुक्कू. सगळ्या दसऱ्यांचं!"

साळूबाईंनी वाकून पाहिलं. त्यांना जरा ओशाळल्यागत झालं, पण हार मानतील तर त्या साळूबाई कसल्या.

"मग? पुजायची चीज, पुजली. तुमी एकदा तरी म्हनला का, की हितं वाहू नगं म्हून?"

"मी म्हनलो असतो, तर तू ऐकलं असतंस व्हय?"

"न्हाई," साळूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. जरा वेळानं चिंचेच्या कोळाची वाटी आणून त्यांच्यापुढं आदळली. "ह्यात भिजत घाला. आनी नखानं उकरू नगा, नख मोडंल."

बर्नर रात्रभर चिंचेत भिजला. दुसऱ्या दिवशी घरातल्या रॉकेलच्या स्टोच्या पिनेनं नाथाजी ते भोक टोकरत बसले. पिन वाकायची, ते ती सरळ करायचे, पुन्हा टोकरायचे. एकदा बर्नर उन्हाकडे धरला तर भोकातून उजेडाचा एक ठिपका दिसला. लांबच्या चांदणीसारखा. ते कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडं बघत राहिले. पलीकडं कुणीतरी उभं आहे आणि आता हाक मारणार आहे, असं त्यांना वाटलं. हाक आली नाही.

टाकीतली वात कुजली होती. पेट्रोल वर ओढून आणायला आत कापसाची वात लागते. साळूबाई तिन्हीसांजेला समईसाठी वाती वळत बसायच्या, त्यातल्या चार वाती नाथाजींनी हळूच उचलल्या.

"देवाच्या वाती कुनीकडं चालल्या?"

"तुझ्याच पूजेतल्या स्टोला."

"मग ह्या बारक्या कशाला? ह्या लांब घ्या, पिळाच्या. त्या तुटत्याल." त्यांनी दोन लांब वाती मांडीवर पुन्हा वळून, घट्ट करून दिल्या.

टाकीच्या झाकणाचं रबरी वायसर दगडासारखं झालं होतं. त्यासाठी नाथाजी कराडहून एसटीनं सांगलीला गेले. वराती पूर्वी ज्यांच्या उजेडात निघायच्या त्या गॅसबत्त्या दुरुस्त करणारं एक दुकान तिथं अजून तग धरून होतं. वायसर मिळालं. परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर उसाचे तुरे पांढरे होऊन डुलत होते. नाथाजींचा डोळा लागला, आणि झोपेत ते तुरे बर्फ झाले. बर्फातून कुणीतरी त्यांच्याकडं येत होतं. चेहऱ्याला मफलर गुंडाळलेला. नाथाजी म्हणाले, "गड्या, नाव सांग की तुझं." माणूस हसला. तेवढ्यात कंडक्टरनं खांद्याला हात लावला. "आबा, कराड आलं. उतरताय न्हवं?"

शनिवारी मुलगा वीरधवल साताऱ्याहून आला. तो तिथल्या एमआयडीसीत कामाला होता. स्टोसाठी पेट्रोल पाहिजे म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला.

"आबा, तुमी घर पेटवायला बसलाय का काय?"

"घरात न्हाई पेटवत. नदीला जातो."

"आई, सांग की ह्यास्नी."

"मी काय सांगू? मी बी जानार हाय बघायला," साळूबाई म्हणाल्या. "आजवर नुसतं ऐकलंय."

वीरधवलनं मोटरसायकलमधून वाटीभर पेट्रोल काढून दिलं.

रविवारी पहाट सरता सरता दोघं नदीकडं निघाले. मार्गशीर्षातलं धुकं कृष्णेवरून उठून उसात शिरलं होतं. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास तेवढा होता, बाकी गाव, देऊळ, पलीकडचा काठ, काहीच नव्हतं. साळूबाई दोन हातांवर होत्या, तरी त्यांचं लुगडं धुक्यात मधूनच विरघळल्यासारखं व्हायचं. काठावरच्या सपाट दगडावर नाथाजींनी स्टो ठेवला.

टाकीला हाताची ऊब दिली की पेट्रोल आपोआप वर येतं आणि बर्नरखालच्या खळग्यात थेंबभर साचतं. मग किल्ली बंद करून तो थेंब पेटवायचा, आणि ज्योत विझता विझता किल्ली पुन्हा सोडायची. नाथाजींनी टाकी तळव्यांत धरली. तळवे गार होते. काहीच वर येईना. मग त्यांनी स्वेटरचा गळा ओढला, सदऱ्याची गुंडी काढली आणि स्टो आत, छातीशी धरला. डोळे मिटले. साळूबाई बघत राहिल्या. त्यांनी चेष्टा केली नाही.

खळगा ओला झाला. काडी ओढली. पिवळी ज्योत उठली, खाली बसली, नाथाजींनी किल्ली फिरवली, आणि निळ्या जाळाचं फूल उमललं. बारीक घुमण्याचा आवाज धुक्यात पसरला. साळूबाईंनी वर चहाचं पातेलं चढवलं.

नाथाजी कान देऊन बसले. भुंगा लाकूड कोरत होता. सगळं तसंच होतं, पांढरं, ओलं, आवाजाच्या चहूकडं मुकं. पण नाव आलं नाही. हसण्याचं कारणही नाही. चहाला उकळी फुटली, तरी नाही.

"आवं, उतरवा की. उतू जाईल."

"साळू," ते म्हणाले. "मला त्याचं नावच आठवत न्हाई गं. आमी कशाला हसलो, ते बी न्हाई. कुनाला ठावं, असं काय झालं हुतं का न्हाई."

साळूबाईंनी दोन कपांत चहा गाळला. ओच्यातून कागदाची एक पुडी काढली, चिमूटभर काहीतरी नाथाजींच्या कपात टाकलं आणि बोटानंच ढवळलं.

"घ्या."

नाथाजींनी घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं. खारट! आणि त्या खारटपणाच्या मागोमाग कुठून कोण जाणे, पोटातून हसू आलं. घोट थुंकावा का गिळावा कळेना, चहा नाकात गेला, ठसका लागला, आणि ते हसतच राहिले. साळूबाईही हसायला लागल्या.

"आठवलं का?"

"न्हाई," डोळे पुसत नाथाजी म्हणाले. "पर हसू आलं."

"साखर म्हून मीठ टाकलं हुतं त्यानं. अंधारात. बर्फ वितळवायला जीव गेला आनी चा असा. वर तोच म्हनला, वतू नगं नाथा, आजच्याला हीच साखर." साळूबाई जाळाकडं बघत बोलत होत्या. "अर्जुना. जतकडचा. मधीच कानडी बोलायचा आनी तुमास्नी कळायचं न्हाई. दोन वर्सं झाली, तुमी त्याचं नाव घेईना झालाय. तवाच समजले मी."

"तू तर उठून जायचीस."

"सैपाकघर काय परगावी हाय व्हय? ऐकू येतं की."

नाथाजींनी ते नाव मनात उच्चारून पाहिलं. चेहरा आला नाही. पण नाव गार नव्हतं, कुणीतरी आत्तापर्यंत छातीशी धरून ठेवल्यासारखं उबदार होतं. त्यांनी तो खारट चहा आणखी एक घोट प्यायला, स्टोची किल्ली जरा बारीक केली आणि साळूबाईंच्या शेजारी सरकून बसले.

"मग फुडं काय झालं?" त्यांनी विचारलं.

साळूबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला.

"फुडं?" त्या म्हणाल्या. "ऐका तर. वारं असं सुटलं हुतं, की आभाळ कुटं आनी जिमीन कुटं..."