आंबीच्या काठावरचे निळे फडके

"वांग्याला एवढं काय भिताय, मावशी? ते काही ओरडणार नाही."

"वांगं न्हाई वो वरडत. म्याच वरडंन," असे म्हणत बयाबाईने डोळे गच्च मिटले आणि इंजेक्शनच्या पिचकारीची सुई वांग्यात खुपसली. सुई आरपार निघून तिच्याच बोटाला लागली.

मुक्ताबाईने ते बोट धुतले आणि दुसरे वांगे पुढे ठेवले. "डोळे उघडे ठेवायचे. आणि इतकं खोल नाही. चिमटीत कातडं धरायचं, त्यात सुई. बस."

तळेगावच्या एका लहानशा दवाखान्याच्या व्हरांड्यात ही शिकवणी आठवडाभर चालली होती. मुक्ताबाई तिथली नर्स, चाळिशीची, लहानपणीच विधवा झालेली. बयाबाई नदीपलीकडच्या आंबीची. तिच्या सुनेला, सरूला, चैत्रात बैलगाडीत घालून आणले तेव्हा तिला शुद्ध नव्हती. विशीसुद्धा न गाठलेल्या त्या पोरीला मधुमेह होता. इन्शुलिन सुरू झाले आणि ती उठून बसली, अंगाने भरली, वेणी घट्ट घातली म्हणून भांडूही लागली. पण ते औषध रोज टोचायचे होते, दोन वेळा, जन्मभर.

आणि पावसाळा तोंडावर आला होता. इंद्रायणीला पूर आला की नाव बंद, मग आंबीचा माणूस आंबीत. डॉक्टरांचे म्हणणे, पोरीला दसऱ्यापर्यंत इथेच राहू द्या; एक दिवस जरी इंजेक्शन चुकले तरी जिवावर बेतेल.

"चार म्हैनं सून हितं ठिवली, तर भावकी म्हनंल टाकली," बयाबाई म्हणाली. "टाकायची आसती तर गाडीत घालून आनली नसती. मी टोचते."

"कोंडाजीला का नाही शिकवत?"

"माझा ल्योक? बैल आडवा पाडतुया त्यो. पर सुई दिसली की सोताच आडवा."

खाटेवरून सरू खुदकन हसली.

तपासणी बयाबाई चटकन शिकली. काचेच्या नळीत निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. साखर नसेल तर निळे निळेच राहते. थोडी असेल तर हिरवे, जास्त असेल तर पिवळे, आणि फारच असेल तर विटेसारखे लाल.

"पर तुमाला कसं कळायचं, बाई? पुरात चिठ्ठी कोन आननार? आन् लिवनार कोन?" बयाबाई विचारात पडली. मग तिने पिशवीतून जुन्या लुगड्याचा निळा तुकडा काढला. "ह्ये करंजाला टांगीन. काठावरल्या. चार रंगांची चार फडकी."

असे ठरले की रोज सकाळी मुक्ताबाईने अलीकडच्या काठावर यायचे आणि फडके दिसले की छत्री वर करायची.

"आन् लाल दिसलं तर?"

"तर मी येते. कशी, ते तेव्हा बघू."

निघताना मुक्ताबाईने तिच्याकडून पथ्य पुन्हा घोकून घेतले. गूळ, साखर, केळे, रताळे, साबुदाणा बंद. टोचल्यावर वेळेवर मापाची भाकरी. घाम सुटला, हातपाय थरथरले तर मात्र लगेच गोड. बयाबाई मान हलवत होती. घरी जाऊन तिने गुळाची ढेप जावेच्या घरात नेऊन टाकली, हे मुक्ताबाईला फार उशिरा कळले.

श्रावणात नदी दोन्ही काठ गिळून वाहू लागली. मुक्ताबाई रोज येई. पिवळे. पुन्हा पिवळे. मग हिरवे. काठावर राजमहंमद बांगडीवाला नावेची वाट बघत बसलेला असे. त्याचे निम्मे गिऱ्हाईक पलीकडे होते. त्यालाही त्या फडक्यांचा नाद लागला. "बाई, आज हिरवं! म्हणजे पास का नापास?"

"काठावर पास," मुक्ताबाई म्हणे.

एकादशीच्या दिवशी फडके निळे होते.

"निळं! आता पेढे वाटा, बाई," राजमहंमद म्हणाला आणि दगडावर बसून त्याने आपले भाकरीचे फडके सोडले. मुक्ताबाईने छत्री वर केली. ती स्वतः सकाळपासून पाण्यावर होती. तिची एकादशी कधी चुकली नव्हती. तिला हसू येत होते.

पलीकडे बयाबाई करंजाखाली फडक्याकडे बघत उभी होती. मागे सरू, नव्या लुगड्यात, देवळात न्यायचे ताट घेऊन आलेली. सरू पायरीवर बसली. तिने ताट खाली ठेवले आणि पदराने तोंड पुसले. गार वारा सुटला होता. तिने पुन्हा तोंड पुसले. मग तिचे डोके हळूहळू गुडघ्यांवर आले.

मुक्ताबाईची छत्री वरच राहिली. एवढ्या गार वाऱ्यात घाम? आज एकादशी. बयाबाई सुनेला भाकरी देणार नाही, भात देणार नाही. रताळे, साबुदाणा, केळे देणार नाही, कारण ते आपणच बंद केलेले. आणि इंजेक्शन मात्र तिने भल्या सकाळी दिलेले असणार, न चुकता. देवाने मना केलेले आणि आपण मना केलेले, दोन्ही तिने पाळले होते. मग पोरीच्या पोटात काय गेले?

निळे फडके लघवीत साखर नाही एवढेच सांगत होते. अंगात किती उरली, ते त्याला सांगता येत नव्हते.

"मावशी! तिला खायला द्या!" ती ओरडली. पाण्याच्या गर्जनेत तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. खायला द्या, या निरोपाचे फडके ठरलेलेच नव्हते.

तिची नजर राजमहंमदच्या फडक्यावर गेली. "ती भाकरी दे."

"बाई, आज तर तुमची…"

"दे म्हटलं ना!"

ती सगळ्यांत उंच दगडावर चढली आणि छत्री जोरजोरात हलवली. बयाबाई वळली. मुक्ताबाईने भाकरी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, तुकडा मोडला, तोंडात घातला. सरूकडे बोट केले. पुन्हा तुकडा, पुन्हा बोट.

काठावर नदीला फुले वाहायला आलेल्या बायका थबकल्या. "आगं बया! नर्सबाई येकादशी मोडती! आन् ती बी कुनाच्या भाकरीवर!"

मुक्ताबाईने ते ऐकले. घास कोरडा होता. तिने तो गिळला आणि पुढचा मोडला.

पलीकडे बयाबाई तोंडावर हात ठेवून उभी होती. तिला फक्त मोडलेली एकादशी दिसते आहे, अशी मुक्ताबाईची खात्री झाली. आणि तेवढ्यात बयाबाई गर्रकन वळली. सुनेकडे बघितले. धावली. ताटातली देवाची खडीसाखर तिने मूठभर उचलली आणि सरूच्या तोंडात कोंबली. मग ताटातलेच केळे सोलले, पोरीची हनुवटी धरली आणि एकेक घास भरवू लागली.

मुक्ताबाई अर्धी भाकरी हातात घेऊन उभी राहिली. किती वेळ, तिला कळले नाही. मग सरूने मान उचलली. थोड्या वेळाने सासूचा हात धरून ती उभी राहिली.

"उठली! बाई, पोर उठली!" राजमहंमद उडी मारून ओरडला. त्याच्या टोपलीतल्या बांगड्या खळाळल्या.

बयाबाईकडेही या निरोपाचे फडके नव्हते. तिने केळ्याची साल उंच धरली आणि झेंड्यासारखी नाचवली.

दुसऱ्या दिवशी करंजावर हिरवे होते. डॉक्टर सगळे ऐकून एवढेच म्हणाले, "पूर ओसरला की पाचवं फडकं ठरवून घ्या." देवळातल्या बायका मात्र मुक्ताबाईला तीर्थ देईनाशा झाल्या. ती तरीही रोज हात जोडून येई.

पुढच्या एकादशीला नाव सुरू झालेली होती. पहिल्याच खेपेला बयाबाई सुनेला घेऊन आली आणि देवळाकडे निघालेल्या सगळ्या बायकांच्या समोर, त्याच दगडाजवळ बसली. सरूच्या दंडाचे कातडे चिमटीत धरून, डोळे उघडे ठेवून तिने सुई टोचली. मग गाठोडे सोडले. एक भाकरी सरूपुढे, एक राजमहंमदच्या हातात, आणि एक मुक्ताबाईपुढे.

"मावशी, आज एकादशी."

"ठाव हाय. सरूची म्या धरलीया. तुमची मागल्या खेपंला माझ्यापायी मोडली, म्हनून आजची तुमची बी म्याच धरलीया. माझी येक धरून तीन उपास हायेत आज माझ्या अंगावर." तिने मान वर करून त्या बायकांकडे बघितले. "देवानं इचारलं तर माझं नाव सांगायचं. बसा, बाई. गार हुईल."

मुक्ताबाई बसली आणि तिने तुकडा मोडला.

बयाबाईने ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसले. उघड्या गाठोड्यात लाल फडके होते, घडीसुद्धा न मोडलेले. तिने ते तळाशी सारले, हात मांडीवर ठेवले आणि सुनेचा शेवटचा घास होईपर्यंत तिच्याकडे बघत बसली.