डावीकडची खुर्ची

आर्मिंदो आता मला ओळखत नाही. एवढं एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. सकाळी मी त्याची दाढी करून देते, तर म्हणतो, "बाई, तुमचा हात फार हलका आहे. कुठं शिकलात?" कुठं शिकणार! जन्मभर तुझ्याच गुडघ्यांना पट्ट्या बांधून शिकले.

आमच्या पोर्तिमांवात अजूनही म्हातारे बाप्ये त्याला बघून टोपी काढतात. गावच्या फुटबॉल क्लबाचा बचाव म्हणजे तो आणि झेफेरिनो, बाकी सगळे येणारे-जाणारे. कोपऱ्यावरून उंच आलेला प्रत्येक चेंडू आर्मिंदोनं डोक्यानं परतवला. आता डॉक्टर म्हणतात, तेच डोक्याला बाधलं असावं. एकदा देशाच्या संघातून बोलावणं आलं, तर सबंध सामना बाकावर बसून परत आला. तो लाल शर्ट मी धुवायला घेतला, त्यावर मातीचा साधा डागसुद्धा नव्हता. मला रडू फुटलं. हा आपला हसतोय. "चला, एक तरी कपडा न घासता निघाला तुझा!"

पुढं लिस्बनच्या मोठ्या क्लबानं बोलावलं. गेला आणि दुसऱ्या दिवशी परत. म्हणाला, डॉक्टरनं गुडघा नापास केला. झालं! त्या न पाहिलेल्या डॉक्टरच्या नावानं मी आयुष्यभर बोटं मोडली. त्या क्लबाचा सामना लागला की टीव्ही बंद करायची. त्याच नापास गुडघ्यावर हा माणूस नंतर कितीतरी वर्षं खेळला, पण माझ्या टाळक्यात काही प्रकाश पडला नाही.

झेफेरिनो दर रविवारी येतो. आमच्या एल्विराचा तो धर्मबाप, म्हणून मी त्याला कोंपाद्रे म्हणते आणि तो मला कोमाद्रे. एल्विरा आमची एकुलती एक. लिस्बनचं बोलावणं यायच्या आदल्या हिवाळ्यात तापानं गेली, अजून पाऊलही टाकायला लागली नव्हती. दर शनिवारी मी दफनभूमीत जाते, तिचा दगड घासते, फुलं बदलते. अजूनही जाते.

आजार वाढला तेव्हा आर्मिंदोनं झेफेरिनोलाही ओळखलं नाही. तो समोर येऊन बसला, तर विचारतो कसा, "कोण हवंय आपल्याला?" झेफेरिनोचं तोंड एवढंसं झालं. कोट घेऊन तो आर्मिंदोच्या खुर्चीच्या डावीकडून निघाला आणि जाता जाता पुटपुटला, "येतो रे."

आर्मिंदोनं मानही वळवली नाही. "कुठं चाललास, झेफेरिनो? खेळ संपायचाय अजून."

तेव्हा आम्हाला कळलं. मैदानात दोघांनी एकमेकांचं तोंड कधी बघितलं होतं? दोघांची नजर चेंडूवर, आणि डावीकडून हा आवाज. तेवढा आवाज त्याच्यात शिल्लक राहिलाय.

मग मीही डावीकडं बसून पाहिलं. खोटं कशाला बोलू, जीव जळत होता माझा. तर मला म्हणाला, "बाई, तिथं नका बसू. ती झेफेरिनोची जागा आहे."

गेल्या रविवारी मी झेफेरिनोला दारातच गाठलं.

"कोंपाद्रे, त्याच्या तोंडून माझं नाव काढ. एकदाच. मला ऐकायचंय."

"आणि नाही निघालं तर?"

"तर सार्डिन मासे खा आणि घरी जा."

तो डावीकडच्या खुर्चीत बसला. मी समोर शेंगा सोलत बसले, आपण त्या गावच्या नाहीच असं तोंड करून.

"आर्मिंदो, बायको काय म्हणतेय?"

"कुणाची?"

"माझी कशाला विचारू? तुझी, गाढवा."

"लिओनिल्द?" आर्मिंदो म्हणाला, आणि माझ्या हातातली शेंग खाली पडली. किती दिवसांनी! मला वाटलं, बास, भरून पावले. पण तो पुढं बोलतच राहिला. "हळू बोल. तिला गुडघ्याचं सांगितलं नाहीस ना?"

झेफेरिनोनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर चोरली. "अरे, ते सोड. सार्डिन भाजू या का?"

"कोंपाद्रे," मी म्हटलं, "बोलू दे त्याला."

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" आर्मिंदो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, एकदम ठणठणीत. उद्यापासून ये. मी म्हटलं, नाही येत. पोरगी इथं आहे ना आमची. तिला इथं एकटीला टाकून लिओनिल्द कशी येईल?"

"विचारायचं होतंस तिला," झेफेरिनो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"विचारलं असतं तर आली असती रे. माझ्यासाठी आली असती आणि तिकडं शनिवार-शनिवार रडत बसली असती. म्हणून नाही विचारलं."

मला रडू आवरेना. एवढी वर्षं एका छपराखाली काढली, आणि आता त्याच्या गळ्यात पडावं तर मी कोण? दाढी करणारी बाई.

आर्मिंदोचं लक्ष माझ्याकडं गेलं. तो कावराबावरा झाला. "ही बाई सगळं ऐकतेय की! बाई, तुम्ही कुठं बोलू नका हं. या गावात तोंडातून शब्द निघायचा अवकाश. माझी बायको फार मनाला लावून घेते."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"शपथ?"

"माझ्या मुलीची शपथ."

त्यानं मला जरा निरखून बघितलं.

"तुम्हालाही मुलगी आहे?"

"आहे."

"इथंच असते?"

"इथंच असते."

"मग बरं," आर्मिंदो म्हणाला, आणि पुन्हा समोर बघायला लागला.