तार गेली

आमच्या कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. पुण्यात नाव न सांगताही सगळ्यांना सगळं कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांना कळून तरी काय करायचंय?

तर एकोणीसशे एकोणनव्वद साली या कॉलेजचा बँड ग्रीसला गेला. अथेन्सला जगभरच्या कॉलेजांच्या बँडचा मेळावा होता. अक्रोपोलिसच्या पायथ्याशी जे जुनं दगडी थिएटर आहे, तिथं संचलन करत जायचं आणि वाजवायचं. मी त्या बँडमध्ये पहिला ट्रंपेट वाजवत होते. यात माझं कर्तृत्व फारसं नाही. माझे अब्बा, युसूफमियां, मंडईमागच्या नूर ब्रास बँडचे मालक; कॉलेजची वाद्यंही दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायची. आमच्या घरात पोरं रडायला लागली की खुळखुळ्याऐवजी हाताला जे लागेल ते वाद्य द्यायचे.

मेळाव्याची एकच अट होती. प्रत्येक बँडनं एक धून आपल्या मातीतली वाजवायची. आमच्याकडे दोन इंग्रजी मार्च होते आणि एक देशभक्तीपर गीत, तेही कवायतीच्या चालीवर. बँडचे प्रमुख लिमये सर, यज्ञेश्वर लिमये, इतिहास शिकवायचे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा मीच शहाणपणानं पुढे झाले आणि म्हणाले, "सर, अब्बांची एक धून आहे. त्यांनी स्वतः बांधलेली."

सर त्याच संध्याकाळी आमच्या घरी आले. अम्मीनं केलेला चहा प्यायले, दुसऱ्यांदा मागून घेतला. आणि अब्बांनी त्यांना तारेची गोष्ट सांगितली.

मंडईच्या मागच्या एका गल्लीत, वरातीच्या रस्त्यावर, एका घरातून समोरच्या घरात आडवी तार गेलेली होती. विजेची. ती इतकी खाली लोंबायची की उंच माणसानं हात वर केला तर संपलाच. तार वर घ्या म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. मालकांनी तार वर घेतली नाही, खाली पाटी लावली: 'तार लोंबती आहे. आपले डोके सांभाळणे ही आमची जबाबदारी नाही.'

आता वरातीत घोड्यावरचा नवरदेव वाकू शकतो. पण आमचे कादरचाचा कसे वाकणार? चाचा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. त्यांच्या अंगाभोवती वेटोळं घातलेला तो मोठा पितळी भोंगा असायचा, डोक्याच्याही वर उघडणारा. चाचा आधीच ताडमाड. भोंगा तारेला लागला असता तर वरातीऐवजी दुसरंच काही न्यावं लागलं असतं. म्हणून अब्बांनी एक धूनच अशी बांधली की तिच्या मध्यावर सगळी वाद्यं एकदम गप्प व्हायची. गल्लीच्या त्या ठिकाणी अब्बा ओरडायचे, "तार!" सगळा बँड थांबायचा. चाचा गुडघ्यांत वाकून, मान खाली घालून, खेकड्यासारखे तारेखालून पलीकडे जायचे. मग अब्बा ओरडायचे, "गेली!" आणि त्या क्षणी ट्रंपेट असा उसळायचा की खिडक्यांतल्या बायकाही टाळ्या वाजवायच्या. लोकांना वाटायचं, वा, काय जागा घेतली! मंडईच्या आसपास तिला तारेचीच धून म्हणत. लग्नघरची माणसं बयाणा देतानाच विचारत, "तारेची वाजवणार ना?"

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी मला विचारलं, "मधली शांतता किती ठोक्यांची?"

"मोजलेली नसते सर. चाचांना जायला जेवढा वेळ लागेल तेवढी."

"असं कॉलेजच्या बँडमध्ये नाही हं चालत," ते म्हणाले आणि त्यांनी ती शांतता मापात बसवून टाकली. दारातून निघताना त्यांनी अब्बांचे दोन्ही हात हातात घेतले. "युसूफमियां, अथेन्सला माईकवरून तुमचं नाव मी स्वतः घेणार. अक्रोपोलिसला ऐकू जाईल असं."

अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नांत वाजवलं. त्यांच्या नावाची पत्रिका कधी कुणी छापली नाही, जेवणाच्या पंगतीतही बँडवाले शेवटी. त्यांचं नाव त्या दगडांत घुमणार, या एका गोष्टीसाठी मी चार महिने ओठ सुजेपर्यंत सराव केला. ग्रीस पाहायचा होताच, खोटं कशाला बोलू? घरात उठता बसता माझं ग्रीसच चालायचं. पण जीव अडकला होता तो त्या नावात.

थिएटर खरोखर सुंदर होतं. पायऱ्या पायऱ्यांवर माणसं, वर कडा, कड्यावर ते खांब. आम्ही फेटे बांधून संचलन करत आत शिरलो. मी सवयीनं वर पाहिलं. तार नव्हती, नुसतं निळं आभाळ होतं, आणि मला उगाच हसू आलं.

सर माईकपुढे गेले. इंग्रजीत म्हणाले, आता आम्ही अठराव्या शतकातली मराठा सैन्याची धून सादर करत आहोत. ती आम्हाला अनेक वर्षांच्या संशोधनातून सापडली. तिच्या मध्यावर एक शांतता आहे. पानिपतावर पडलेल्या वीरांसाठी सैन्य तिथं मस्तक झुकवत असे.

मला वाटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे. म्हणून शेजारच्या साइड ड्रमवाल्या वासंतीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं. माझं इंग्रजी कच्चं नव्हतं.

नावाचा पत्ता नव्हता. आम्ही वाजवलं. मध्यावर थांबलो, आणि पायऱ्यांवरची सगळी परकी माणसं उठून उभी राहिली. त्यांनी माना खाली घातल्या. माझ्या चाचांच्या भोंग्यासाठी! एका म्हातारीनं तर छातीवर हात ठेवला. मी त्या माणसांवर कशी रागावणार? ती बिचारी मनापासून उभी होती. ठोके संपले आणि मी वाजवलं, कारण हात आणि ओठ आपोआप वाजवतात. मी रडत होते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या फोटोत ते देशप्रेमाचे अश्रू म्हणून आले.

बाहेर आल्यावर मी सरांना गाठलं. "सर, अब्बांचं नाव राहिलं."

"राहिलं नाही, कमरजहां. घेतलं नाही," सर शांतपणे म्हणाले. "परदेशात काय सांगायचं? वरातीतली धून आहे, तार लोंबत होती म्हणून? कॉलेजची काही प्रतिष्ठा आहे."

"पण तुम्ही शब्द दिला होता."

"घरी गेलीस की वडिलांना विचार," असं म्हणून ते बसमध्ये चढले.

मला वाटलं, ही धमकी आहे. आयत्या बिळावर नागोबा आणि वर फणाही काढतोय. परतीच्या विमानात लोक ढगांचे फोटो काढत होते आणि मी मनातल्या मनात भाषण लिहीत होते. पुण्यात सत्कार होणार, हे ठरलेलंच होतं. पुण्यात माणूस शेजारच्या वारज्याला जाऊन आला तरी सत्कार होतो, आम्ही तर ग्रीसला गेलो होतो. सत्कारात मी विद्यार्थ्यांतर्फे दोन शब्द बोलायचे होते. ते दोन शब्द काय असतील ते मी ठरवून टाकलं.

घरी अब्बांनी दारातच विचारलं, "ठंड थी क्या उधर? खाना ठीक मिला?" ट्रंपेट हातात घेऊन त्याच्या कळा दाबून पाहिल्या. सगळं विचारलं. नाव घेतलं का, हे मात्र विचारलं नाही. मी समजले, बिचारे संकोचताहेत. म्हटलं, सभेतच कळू दे, साऱ्या पुण्यासमोर.

"रविवारी कार्यक्रमाला तुम्ही आणि चाचा दोघांनी यायचं," मी बजावलं. अब्बांनी लग्नाची ऑर्डर आहे म्हणून सांगितलं. त्या महिन्यात लग्नं नव्हती. मी हट्टच धरला, तेव्हा कसेबसे हो म्हणाले. कादरचाचा मात्र एका पायावर तयार. भोंग्याजवळ कान ठेवून जन्म गेला होता, त्यामुळे त्यांना कमी ऐकू येई आणि ते स्वतः मोठ्यानं बोलत. "अपनी तार वाली ग्रीस गई थी!" असं त्यांनी मंडईतल्या प्रत्येक भाजीवाल्याला सांगून ठेवलं होतं. ते इस्त्री केलेला बँडचा लाल कोट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब व्यासपीठावर होते. लिमये सरांनी पुन्हा पानिपत सांगितलं. या वेळी मराठीत, त्यामुळे जास्त रंगवून. टाळ्या पडल्या. मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी माईक तोंडाजवळ ओढला. मी म्हणाले, "ही धून पानिपतची नाही. ही धून नूर बँडचे युसूफमियां यांनी बांधली आहे. ते माझे वडील आहेत आणि ते इथं समोर बसले आहेत. माझ्यावर विश्वास नसेल तर त्यांनाच विचारा."

सभागृहात कुजबुज झाली. आप्पासाहेबांनी सरांकडे पाहिलं. सर घाबरतील असं मला वाटलं होतं. सर हसले.

"बरोबर आहे, त्यांनाच विचारू. या, युसूफमियां, वर या. आपल्या बँडची वाद्यं हेच सांभाळतात. त्यांचा सत्कार आपण ठेवलेलाच आहे."

अब्बा वर आले. कुणीतरी ताटातून शाल आणि नारळ आणला. शाल आयत्या वेळी उगवत नाही.

शाल खांद्यावर घेऊन अब्बा माईकपुढे उभे राहिले. घरात ते हिंदीत बोलतात, बाहेरच्यांशी मराठीत. तिथं ते अगदी स्वच्छ मराठीत म्हणाले, "मुलगी आहे. तिला बापाचं कौतुक असणारच. धून जुनी आहे. आम्ही आपले वाजवणारे."

सगळे हसले, प्रेमानं. टाळ्या माझ्यासाठीही पडल्या, म्हणजे बापाचं कौतुक असणाऱ्या मुलीसाठी. मी तिथं उभी होते आणि मला वाटलं, जमीन दुभंगावी, निदान फळ्या तरी मोडाव्यात.

आता बँड वाजवणार होता. मुलं वाद्यं घेऊन उभी राहत होती, तेवढ्यात मी पडद्याआड अब्बांना गाठलं. "हे काय केलंत तुम्ही?"

ते माझ्याशीही मराठीतच बोलले. "सर जायच्या आधी येऊन गेले होते. म्हणाले, तिकडची समिती परंपरेची धून मागते. वरातीची म्हटलं तर घेणार नाहीत. धून नाही तर बँड नाही. तू ग्रीस ग्रीस करत होतीस."

"म्हणजे जायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी तिकडे तुमच्या नावासाठी रडले, अब्बा."

"सरांनी विचारलं, मी हो म्हटलं. त्यात एवढं काय आहे? धून कुठं पळून जाते का?" त्यांनी शाल सारखी केली आणि ते खाली जाऊन चाचांशेजारी बसले.

सरांनी केसानं गळा कापला, हे मी एव्हाना पचवलं होतं. परका माणूस, त्याच्याकडून काय अपेक्षा धरायची? पण इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं. त्यांनी ते माझ्यासाठी खाल्लं, म्हणून मी त्यांचे उपकार मानायचे होते का? मला कुणी विचारलं होतं, की ग्रीस हवा की अब्बांचं नाव? विचारलं असतं तर मी ट्रंपेट घेऊन मंडईतच थांबले असते. न विचारता माझ्या नावावर त्यांनी माझीच गोष्ट देऊन टाकली, आणि वर सगळ्यांसमोर मला लाडावलेलं पोर करून ठेवलं.

सरांनी हात उचलला. आम्ही वाजवायला लागलो. सभागृहाचं छत खाली होतं, आवाज छातीवर आदळत होता. मध्यावर सगळी वाद्यं गप्प झाली. सर बोटांनी ठोके मोजत होते, आणि मला समोरची पहिली रांग दिसत होती.

कादरचाचांनी खुर्चीतल्या खुर्चीत गुडघे आवळले, खांदे पाडले आणि मान खाली घातली. त्यांच्या शेजारी, शालीसकट, अब्बांचीही मान खाली गेली.

ठोके संपले. सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी वाजवलं नाही. ट्रंपेट ओठांना लावून मी अब्बांकडे पाहत राहिले. एक शब्द त्यांनी म्हणायचा होता. मोठ्यानं नाही, नुसता ओठांनी म्हटला असता तरी मला दिसला असता. सरांनी पुन्हा बोट केलं. वासंती माझ्याकडे पाहत होती. शांतता लांबली, आणि लोकांना वाटलं असावं, वीरांसाठी आहे, कारण मागच्या रांगेतली काही माणसं उठून उभी राहिली. अब्बांनी वर पाहिलं. माझी नि त्यांची नजर मिळाली. मग त्यांनी ती मांडीवरच्या नारळावर नेली.

तेवढ्यात चाचा सरळ झाले. त्यांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ते अब्बांना म्हणाले, "अरे युसूफ, गेली ना तार! तेरी धुन है, तू बोल ना!"

लोक हसले. म्हातारा आहे, काहीतरी बोलतो, असं हसणं. सर हसले नाहीत. अब्बांनी घाईनं चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुप बैठो, भाईजान."

काय चुकलं ते चाचांना कळलं नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला, आणि ते माझ्याकडे पाहायला लागले.

आजही अब्बांशी मी बोलते, त्यांना औषधं देते, ईदला गळाभेटही घेते. पण तो गुडघ्यावरचा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या सभागृहात मी छाती भरून श्वास घेतला आणि ट्रंपेट उसळवला, गल्लीतल्या खिडक्यांपर्यंत जावा तसा. तार गेली होती, आणि कादरचाचा वाट पाहत होते.