दिवसा न सांगितलेली गोष्ट

“आज दिवसाढवळ्या गोष्ट सांगायची न्हाई,” फडक्यात भाकरी बांधता बांधता सारजाबाईनं बजावलं. “दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतोय.”

“माय, तोंडी परीक्षा हाय. मॅडम गोष्टीवरच विचारणार,” मोहिनी म्हणाली.

“मंग रातची घ्या म्हणावं परीक्षा.”

एरवी मोहिनी पोट धरून हसली असती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मराठी साहित्य घेतलेल्या मुलीनं असलं काही मानायचं म्हणजे कमालच. पण रामहरीमामा मेंढरं घेऊन गोदावरीकडे गेला होता आणि दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. सारजाबाईचा हा धाकटा भाऊ त्यांच्याच घरी राहायचा. बारावीनंतर मोहिनीचं लग्न उरकायला निघालेल्या बंकटला, म्हणजे तिच्या बापाला, त्यानंच अडवलं होतं. बापानं ऐकलं, पण अट घातली: एका विषयात जरी नापास झाली तरी कॉलेज बंद.

चकलांब्याहून गेवराईच्या कॉलेजात पोचेपर्यंत तिनं सहा वेळा मामाला फोन लावून पाहिला.

वर्गाबाहेर पोरं रांगेत बसून पुटपुटत होती. मोहिनीलाही नेमलेली कथा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पाठ होती. पंचाईत अशी की, त्यापलीकडे तिला काहीच येत नव्हतं.

“बोल,” दिपाली मॅडम म्हणाल्या. सकाळपासून तीच कथा ऐकून त्या पार कंटाळल्या होत्या.

“एका गावात...” एवढं बोलून मोहिनी थांबली. कुठल्या तरी फाट्यावर मेंढरांच्या मागं उभा असलेला, इकडं जावं की तिकडं अशा विचारात पडलेला मामा तिच्या डोळ्यांसमोर आला.

“मॅडम, मी गोष्ट सांगत नाही.”

“मग काय सांगतेस?”

काय सांगणार? तिला बापाची अट आठवली.

“त्यातल्या म्हातारीचं सांगते,” ती चाचरत म्हणाली. “तिचा मुलगा निघून गेलाय. ती त्याची वाट बघते असं लेखकानं कुठंच लिहिलेलं नाही. रडतही नाही ती. फक्त झोपताना दाराला कडी लावत नाही. कडी लावली तर, आता तो येत नाही, हे कबूल केल्यासारखं होईल.”

बोलता बोलता तिला घरचं दार आठवलं. दोन दिवस सकाळी कडी नुसतीच लोंबत होती. कुत्री शिरतील म्हणून ती आईवर डाफरली होती.

“वर्षभर घसा फोडून सांगतेय की कथानक सांगू नका, कथेबद्दल बोला,” मॅडम म्हणाल्या. “तुझ्या एकटीच्या डोक्यात शिरलं. जा, पास आहेस.”

मोहिनीनं खरं कारण सांगितलं नाही. पास झाल्यावर खरं सांगायची कसली घाई!

संध्याकाळी ती घरी आली तर मेंढरं वाड्यात आणि मामा ओट्यावर चहा पीत बसलेला. तिला एकदम हलकं वाटलं. ती तिथंच पायरीवर बसली.

“फोन कालव्यात पडला, बाई,” मामा म्हणाला. “अन् काल दुपारी वाट चुकलतो. लई हिंडलो.”

“काल?” सारजाबाईचे डोळे बारीक झाले. “काल कुणी गोष्ट सांगितली?”

काल दुपारी लिंबाखाली मोहिनीनं तीच गोष्ट मोठ्यानं तीनदा घोकली होती. तिनं गुपचूप मामाच्याच कपातला चहा बशीत ओतून घेतला.

“पास झाले,” ती म्हणाली.

बंकट दावं वळत होता. त्यानं वर पाहिलं. “मंग पुढल्या सालाचं बघ आता,” म्हणाला आणि पुन्हा दाव्याकडे वळला.

जेवणं झाल्यावर मामा म्हणाला, “आता अंधार पडला. सांग ती गोष्ट.”

मोहिनीनं अथपासून इतिपर्यंत सांगितली. मामानं विचारलं, “मंग आला का पोरगा?”

“ते लिहिलेलं न्हाई.”

मामाचं अंथरूण टाकून झालं तशी सारजाबाई उठली आणि तिनं दाराला कडी लावली.