तंबूत कोण झोपणार

आमच्या गच्चीवर पाणी साधारण अठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. पारा तिथं पोचतो, किंचित थरथरतो, आणि मग ज्योत कितीही मोठी केली तरी वर सरकत नाही. मी थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत धरून वाचला आणि पुसून ठेवला.

"स्पितीत नदीकाठी हेच पाणी शहाऐंशी-सत्त्याऐंशीला उकळेल," मी म्हणाले. "तूरडाळ शिजणार नाही."

"म्हणून तर कुकर न्यायचा," धम्मपाल म्हणाले. धम्मपाल माझे पती, शाळेत पी.टी.चे शिक्षक. गच्चीवर त्यांनी नवा तंबू उभारला होता आणि त्याच्या दोऱ्या ओढून बघत होते.

सरिता हसली. ती माझ्याच कॉलेजात शिकवते आणि आमच्याबरोबर स्पितीला येणार होती. "सर, तीन लिटरचा कुकर पाठीवर? शिट्टी झाली की डोंगरातली अस्वलं पंगत धरून बसतील."

"बसू दे की," माझ्या सासूबाई, कडूबाई, बाजेवरून म्हणाल्या. "कडक भाकरी देते मी बांधून. लई दिस टिकती." त्या ओव्याची पुरचुंडी शिवत होत्या. धम्मपालांच्या छातीला शेकायला.

तीन वर्षांपूर्वी हिमालयातल्या याच स्पितीच्या खोऱ्यात, वर पोचल्यावर पहिल्याच मुक्कामी धम्मपालांना खोकला लागला होता. पहाटेपर्यंत ओठ निळे पडले, थुंकीत गुलाबी फेस आला. ड्रायव्हरनं गाडी खाली पळवली म्हणून वाचले. खालच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, उंचीमुळं फुप्फुसात पाणी उतरलं होतं. ज्याला एकदा होतं, त्याला पुन्हा होण्याची भीती फार.

घरी येईपर्यंत त्याचं 'छातीत थंडी भरली' असं झालं. एप्रिलमध्ये जिथं दुपारी उन्हानं रस्ते ओस पडतात, त्या गावात थंडीवर सगळ्यांचा लगेच विश्वास बसतो. तेव्हापासूनची सगळी तयारी थंडीविरुद्ध. गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या लोकरी बंड्या, कानटोप्या, जाड स्लीपिंग बॅगा, ओवा.

मी भूशास्त्र शिकवते. आमच्याकडं किल्ल्यापासून कुंपणापर्यंत एकच काळा दगड, थिजलेल्या लाव्हाचा. त्यात शंख सापडत नाहीत. स्पितीची नदी मात्र समुद्राचा जुना तळ कापत वाहते. ते थर मी फळ्यावर कितीदा काढलेत, त्यांना हात कधी लावलेला नाही. मागच्या वेळी पात्रात उतरण्याआधीच परतावं लागलं. नंतर दोन वर्षं बेत ठरले आणि मोडले. एकदा सासूबाईंचा मोतीबिंदू, एकदा पेपर तपासणी. कारणं मीच पुढं केली, कारण खरं कारण धम्मपालांना सांगायचं मला जमत नव्हतं.

"आज दौलताबाद चढलो," धम्मपाल म्हणाले. "थेट वरपर्यंत. मला दम लागला का, सरिता?"

"नाही सर. मलाच लागला. एक आजोबा मला पाणी देऊन गेले."

"बघ. म्हणजे यंदा वाटेत मुक्काम करत बसायचं नाही. एका दमात वर जायचं, नदीकाठी तंबू ठोकायचा. मागच्या वेळी थांबत थांबत गेलो आणि तिथंच थंडी खाल्ली."

मी स्टोव्ह बंद केला. "ती थंडी नव्हती."

"झालं हिचं सुरू."

"तिथं हवा विरळ आहे. पाणी लवकर उकळतं ते त्यामुळंच, आणि तुमच्या छातीत पाणी भरलं तेही त्यामुळंच. स्वेटर घालून हवा दाट होत नाही."

"अगं, मी रोज पोरांबरोबर मैदानाला फेऱ्या मारतो!"

"पळणाऱ्याची फुप्फुसंही भरतात. डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले होते."

आईंची सुई थांबली. "डॉक्टर काय बोलला व्हता? मला तर ह्यो थंडी म्हनला."

"आई, तू मधे पडू नको."

"नाय पडत. तू तिथं मेला असतास का, तेवढं सांग."

धम्मपाल तंबूच्या दोरीकडं बघत राहिले. सरितानं माझ्याकडं पाहिलं.

"हो, आई," मी म्हणाले.

आईंनी पुरचुंडी मांडीवरून खाली ठेवली. खालच्या रस्त्यावर भाजीवाल्यानं दोनदा हाळी दिली आणि तो पुढं गेला.

"बरं," शेवटी धम्मपाल म्हणाले. आवाज दुखावलेला होता. तंबूची एक दोरी त्यांनी सोडून हातात घेतली होती. "मग यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी बघू. सगळे मिळून जाऊ."

हे वाक्य मला ओळखीचं होतं. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तर विषय संपला असता, कुणी चिडलं नसतं, रात्री सगळे नीट जेवले असते. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा दौलताबाद चढले असते आणि मी पुन्हा एखादं कारण शोधलं असतं. किंवा ते मला सापडलं नसतं, आणि ते त्या तंबूत झोपले असते.

"नाही," मी म्हणाले. "पुढच्या वर्षीही तुमची छाती हीच असणार. मी आणि सरिता यंदा जाणार आहोत. तुम्ही येणार नाही."